‘निर्विष’ या शब्दाची किंमत

काँक्रीटच्या जमिनीवर चढवलेला चकचकीत लेप, ज्याला बांधकामाच्या धंद्यात सीलर म्हणतात, काही वर्षांत म्हातारा होतो. कुठे तो पिवळा पडतो, कुठे त्याचे पापुद्रे सुटतात, कुठे पावसाळा संपल्यावर त्याच्याखाली पांढरट ढग जमलेले दिसतात. मग घरमालक, शाळेचे व्यवस्थापक मंडळ किंवा सहकारी गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस एखाद्या कंत्राटदाराला बोलावतात आणि जुना लेप काढून नवा चढवण्याचे काम त्याच्यावर सोपवतात. इतक्या क्षुल्लक बाबीचा ऊहापोह दैनिकाच्या या पानावर कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु असे जुने लेप आणि रंग काढण्यासाठी जी द्रव्ये वापरली जातात त्यांपैकी एकाने केवळ अमेरिकेत १९८० ते २०१८ या काळात ८५ माणसांचे प्राण घेतल्याची नोंद आहे. त्यांपैकी ७४ जण ते काम पोटासाठी करीत होते. एवढे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

हे द्रव्य म्हणजे डायक्लोरोमिथेन. व्यापारात ते मेथिलीन क्लोराइड या नावाने ओळखले जाते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्यांनी रसायनशास्त्राचे धडे गिरवले त्यांना ते एक उत्तम द्रावक म्हणून परिचित असते. पाण्यासारखा नितळ, किंचित गोडसर वासाचा हा द्रव अवघ्या ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. विदर्भात मे महिन्यात सावलीतला पारा त्याहून वर चढलेला असतो. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असल्यामुळे ती वर उठून खिडकीवाटे निघून जात नाही, तर जमिनीलगत साचून राहते. जमीन साफ करणारा माणूस उकिडवा किंवा गुडघ्यांवर बसलेला असतो आणि त्याचे नाक नेमके त्याच थरात असते. तळघर, न्हाणीघर, जिन्याखालची खोली अशा कोंदट जागी हा थर पाहता पाहता दाट होतो. प्रथम गुंगी येते, मग शुद्ध हरपते, आणि शुद्ध हरपलेला माणूस त्याच थरात पडून राहतो.

या द्रव्याचा दुसरा गुण याहून कपटी आहे. शरीरात शिरल्यावर त्याच्या काही अंशाचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते, असे अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील वैद्यकीय संशोधकांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे बंद खोलीत पेटत्या शेगडीपाशी झोपलेल्यांचा घात करणारा तोच वायू. रक्तातील हिमोग्लोबिनला तो चिकटून बसतो आणि प्राणवायूची वाट अडवतो. काम आटोपून माणूस मोकळ्या हवेत आला तरी अंगात मुरलेल्या द्रव्यापासून हा वायू काही तास तयार होतच राहतो. ज्याचे हृदय आधीच दुबळे आहे त्याच्यावर याचा काय परिणाम होतो, हेही १९७६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. लाकडी सामानाचा जुना रंग काढणाऱ्या एका निवृत्त गृहस्थाला त्या कामाच्या पाठोपाठ हृदयविकाराचे झटके येत गेले आणि तिसरा झटका प्राणघातक ठरला.

म्हणजे १९७६ साली सगळे ठाऊक होते. यानंतर काय घडले, हा या प्रकरणाचा सर्वांत बोधप्रद भाग होय. २००० ते २०११ या बारा वर्षांत अमेरिकेत न्हाणीघरातील टबांचे जुने मुलामे काढताना १३ कामगार मृत्युमुखी पडल्याचे तेथील सरकारी आरोग्ययंत्रणेने २०१२ मध्ये जाहीर केले. टबावर ओणवे होऊन काम करायचे, आणि टब म्हणजे जड वाफ साठवण्यासाठीच घडवलेले पात्र! २०१७ मध्ये साउथ कॅरोलिना राज्यातील एक तरुण व्यावसायिक आपल्या धंद्याच्या शीतगृहातील जमिनीवरचा रंग काढताना मरण पावला. त्याने वापरलेला डबा चोरट्या बाजारातला नव्हता. कोणत्याही मोठ्या दुकानाच्या फळीवर मिळणारा होता. युरोपीय संघाने याबाबत २००९ मध्येच निर्णय घेतला होता. २०११ च्या अखेरीस सामान्य ग्राहकांना आणि २०१२ च्या मध्यापासून, काही देशांनी मागितलेल्या सवलती सोडल्यास, धंदेवाईकांनाही या द्रव्याचे रंगनाशक मिळेनासे झाले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने बंदीचा मसुदा २०१७ च्या जानेवारीत पुढे आणला आणि तो रेंगाळला. मृतांचे आईवडील व भावंडे वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवू लागली, वृत्तपत्रांनी प्रकरण लावून धरले. शेवटी २०१८ मध्ये मोठ्या दुकानदार कंपन्यांनी कायद्याची वाट न पाहता हे डबे फळीवरून काढण्याचे जाहीर केले. ग्राहकांना विक्री करण्यावरची बंदी त्यानंतर, २०१९ च्या मार्च महिन्यात आली.

ही बंदी कोणासाठी होती? सुटीच्या दिवशी हौसेने घरातील कपाट किंवा जमीन साफ करणाऱ्या गृहस्थासाठी. रोजंदारीवर तेच काम करणारा कामगार तिच्यातून वगळण्यात आला होता. मरणाऱ्यांपैकी दहातले जवळजवळ नऊजण कामगार असताना कायद्याचे छत्र आधी मालकाच्या डोक्यावर धरले गेले. बहुतेक औद्योगिक व व्यावसायिक उपयोगांना मज्जाव करणारा नियम २०२४ साली झाला. अमेरिकेसारख्या, ग्राहकाचे हक्क आणि न्यायालयीन भरपाई यांचा डंका पिटणाऱ्या देशात ही गत. भारतात तर अशी बंदी अजून घातलीच गेलेली नाही.

तथापि केवळ बंदीचा जप करून भागणार नाही. हे द्रव्य इतकी वर्षे टिकून राहिले त्याला कारण आहे. ते विलक्षण वेगाने काम करते. लेपावर ओतले की पंधरावीस मिनिटांत तो फुगतो, त्याच्यावर सुरकुत्या पडतात आणि पत्र्याने ओढला की साय निघावी तसा निघून येतो. चौरस फुटाच्या दराने काम घेणाऱ्या कंत्राटदाराच्या दृष्टीने यापरते सुख नाही. सकाळी आलेली दोन माणसे दुपारपर्यंत मोठे दालन साफ करून दुसऱ्या जागी जाऊ शकतात.

याउलट जी द्रव्ये आज सौम्य वा निर्विष म्हणून विकली जातात, त्यांची चाल संथ आहे. बेन्झिल अल्कोहोल, डायबेसिक एस्टर या नावाने ओळखली जाणारी संयुगे, आणि सोयाबीनच्या तेलापासून बनवलेला मेथिल एस्टर ही त्यांतील प्रमुख. मराठवाड्यात आणि विदर्भात ज्या सोयाबीनचे भाव पडले की आंदोलने होतात, त्याच्याच तेलातून काँक्रीटवरचा लेप सैल करणारे द्रव्य निघते, हे अनेकांना ठाऊक नसेल. ही द्रव्ये फारच सावकाश उडतात, म्हणून त्यांची वाफ नाकात जाण्याचा धोका पुष्कळच कमी. आणि सावकाश उडतात म्हणूनच ती लेपात मुरण्यासाठी तासन् तास पडून राहू शकतात. त्यांचा दोष आणि त्यांचा गुण एकाच मुळातून आलेले आहेत. हे द्रव्य जाड थर देऊन पसरायचे, त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, चारसहा तास, जुन्या आणि थरावर थर चढलेल्या लेपासाठी रात्रभर, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी मऊ झालेला चिखल पत्र्याने गोळा करायचा, जमीन साबणाच्या पाण्याने घासून धुवायची आणि पूर्ण वाळू द्यायची. तेलाचा अंश राहिला तर नवा लेप धरत नाही. इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचा चिवट थर असेल तर एवढे करूनही पहिल्या खेपेस तो पुरता सुटेलच, याची हमी देता येत नाही. म्हणजे जे काम एका दुपारी उरकत होते त्याला दोन किंवा तीन दिवस लागतात, आणि द्रव्यही महाग पडते.

निर्विषतेची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते, ती अशी. वेळेचा पैसा कोणी द्यायचा हे ठरल्यावाचून सौम्य द्रव्याची नुसती शिफारस करणे म्हणजे उपाशी माणसाला सकस आहाराचे महत्त्व पटवून देण्यासारखे आहे. कंत्राटदार म्हणतात, कामगारांनाच झटपट द्रव्य हवे असते; लवकर सुटका झाली की दुसरे काम धरता येते. यात तथ्य नाही असे नाही. परंतु दर चौरस फुटाचा असला म्हणजे कामगाराची आवडनिवड तो दरच ठरवतो, कामगार नव्हे. रोजाने काम दिले आणि दुसऱ्या दिवसाचा रोज आधीच कबूल केला, तर हीच माणसे प्लॅस्टिकचा कागद अंथरून रात्र जाऊ देण्यास नकार देतील असे मानण्याचे कारण नाही.

आता ‘निर्विष’ या शब्दाकडे वळले पाहिजे, कारण या शब्दाने दुकानाच्या फळीवर बराच गोंधळ माजवला आहे. डायक्लोरोमिथेनची बदनामी झाल्यावर त्याच्या जागी एन-मेथिल पायरोलिडोन हे द्रावक आणले गेले. त्याला उग्र वास नाही, ते सहज उडत नाही. सज्जन मानण्यास एवढे पुरेसे ठरले. पुढे ते त्वचेतून शरीरात शिरते आणि गर्भाच्या वाढीला अपाय करू शकते असे निष्पन्न झाले, आणि युरोपने त्याच्याही वापरावर २०२० पासून कडक मर्यादा घातल्या. संत्र्याच्या सालीतून मिळणाऱ्या लिमोनिन तेलाचीही तीच कथा. सुवास येतो म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पण ते ज्वालाग्राही आहे, आणि हवेशी संयोग होऊन जुने झालेले लिमोनिन त्वचेवर ॲलर्जी उठवते. कॉस्टिक सोडा घातलेल्या लेपनाशकातून घातक वाफ निघत नाही, एवढ्यावरून त्याला सौम्य म्हणणाऱ्यांनी ते हातमोज्याशिवाय हाताळून पाहू नये. बेन्झिल अल्कोहोलदेखील डोळ्यांत गेले तर चुरचुर करण्याइतके तिखट आहेच. तात्पर्य, लेप विरघळवणारे पण माणसाच्या कातडीशी काडीमात्र संबंध न ठेवणारे द्रव्य अस्तित्वात नाही. अधिक घातक आणि कमी घातक एवढाच भेद असतो, आणि तो भेद फार मोलाचा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, ही साधी बाब जाहिरात लिहिणाऱ्यांना पेलत नाही.

अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एखाद्या वस्तूला निर्विष म्हटले की ती माणसाला आणि पर्यावरणाला, दोघांनाही अपायकारक नाही असाच अर्थ ग्राहक घेतो, आणि विक्रेत्याने तसे सिद्ध करता आले पाहिजे. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. मोघम विशेषणांना पुराव्याची आणि खुलाशाची जोड द्यावी, असा त्यांचा रोख आहे. या तत्त्वांचा उपयोग करायचा तर ग्राहकाने विशेषणाकडे दुर्लक्ष करून डब्यातील घटकांची नावे आणि त्या द्रव्याची सुरक्षा माहितीपत्रिका मागावी. प्रामाणिक उत्पादकाजवळ ती असते. डब्यावर घटकांचा पत्ताच नसेल आणि हिरवे पान मात्र ठसठशीत छापलेले असेल, तर तो डबा फळीवर ठेवून पुढे जावे.

आपल्याकडे मात्र डब्याच्याही आधी बाटली येते, आणि ती ॲसिडची असते. जमिनीवर काहीही चिकटले, डाग पडला, चुन्याचा थर आला की ‘ॲसिड मारणे’ हा आपला राष्ट्रीय उपाय होय. वस्तुतः हायड्रोक्लोरिक आम्ल ॲक्रिलिकच्या लेपाला फारसे शिवत नाही. ते खाते ते खालच्या सिमेंटला. सिमेंटचा दगड मूलतः अल्कधर्मी असतो. आम्ल पडताच तो फसफसतो, पृष्ठभाग खरबरीत होतो, बारीक रंध्रे मोकळी होतात. शिवाय त्यातून शिरलेले क्लोराइड पुढे लोखंडी सळईपर्यंत पोचले तर तिला गंज चढवते. गच्चीचा लेप काढण्यासाठी ॲसिड वापरणारी सोसायटी लेप शाबूत ठेवून स्लॅब खिळखिळा करण्याचे अजब कार्य करीत असते. त्यातच कोणी ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात तो शत्रूवर सोडीत असत. ॲसिडची खुली विक्री रोखण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिले, ते स्त्रियांवरील हल्ल्यांच्या संदर्भात. ते योग्यच होते. परंतु जमीन साफ करणाऱ्याच्या श्वासनलिकेचा विचार त्या निमित्तानेही कोणाच्या मनात आला नाही.

रसायनाची कटकटच नको, यंत्राने घासून टाकावे, असा एक मार्ग सुचवला जातो. त्यात द्रावक नसतो हे खरे. पण काँक्रीटमध्ये वाळू असते आणि वाळूत स्फटिकमय सिलिका. कोरड्या यंत्राने घासले की तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग जडतो. दगडखाणींत आणि पाटीच्या पेन्सिलींच्या कारखान्यांत या रोगाने किती संसार उजाड केले ते श्रमिकांच्या चळवळींना ठाऊक आहे. यंत्र वापरायचेच तर पाणी मारीत किंवा धूळ ओढणाऱ्या जोडयंत्रासह वापरावे. तोंडावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवू शकत नाही, आणि डायक्लोरोमिथेनची वाफ तर मुळीच अडवू शकत नाही. रुमालाने फक्त पाहणाऱ्याचे समाधान होते.

काढण्याचे काम लावण्याच्या कामाहून अवघड असते, याचा महाराष्ट्राला एक उदात्त दाखलाही आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांना उजाळा मिळावा म्हणून एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी त्यांच्यावर व्हार्निश चढवले, आणि १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी रक्षणाच्या हेतूने लाखेचे रोगण वापरले. हेतू निर्मळ होता; पण काळाच्या ओघात ती रोगणे पिवळी, काळपट पडली, आकसली, आणि आकसताना मूळ रंगाचे पापुद्रे ओढू लागली. ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना इंचाइंचाने, कापसाच्या बोळ्याने, दशकानुदशके खपावे लागले. अजिंठ्याची भिंत आणि सोसायटीचा वाहनतळ यांची बरोबरी करण्याचा हेतू अर्थातच नाही. परंतु दोन्हीकडे लावणाऱ्याने ‘हे पुढे कोण आणि कशाने काढणार’ असा प्रश्न विचारला नव्हता, एवढे साम्य आहे खरे.

तो प्रश्न विचारला तर बऱ्याच वेळा लेप लावण्याचीच गरज नाही असे आढळून येते. कोकणातील आणि गोव्यातील जुन्या घरांतला लाल सिमेंटचा कोबा कोणत्याही सीलरवाचून दोन पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला आहे. जेथे पाण्यापासून रक्षण हवेच तेथे सिलेन वा सिलॉक्सेन जातीची, काँक्रीटमध्ये मुरणारी द्रव्ये असतात. ती वर पापुद्रा धरीत नाहीत, म्हणून ती खरवडण्याचा प्रसंगही येत नाही. आणि लेप लावलेलाच असेल तरी तो दर वेळी मुळापासून काढावा लागतो असे नव्हे. ॲक्रिलिकखाली आलेली पांढुरकी झाक बहुधा अडकलेल्या ओलीची किंवा फाजील जाडीची खूण असते. जमीन वाळू दिली आणि सुटलेला भाग तेवढा काढला, तर उरलेल्यावर नवा पातळ हात पुष्कळदा बसतो. एका कोपऱ्यात हातभर जागेवर आधी प्रयोग करून पाहिला की कोणता लेप आहे, तो कशाला दाद देतो आणि किती वेळ लागतो हे कळते. कंत्राटदार असा प्रयोग टाळतात, कारण त्यात एक दिवस जातो. पुन्हा तोच दिवस!

शाळांच्या बाबतीत तर हा दिवस सहज सापडण्याजोगा आहे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत सभागृहाची जमीन हाती घेतली तर सौम्य द्रव्य रात्रभर ठेवण्यात कोणाचा खोळंबा होत नाही. उलट शनिवारी दुपारी सुरू करून सोमवारी प्रार्थनेला जमीन चकाकली पाहिजे असा हट्ट धरणारे व्यवस्थापन कंत्राटदाराला झटपट द्रव्याकडेच ढकलीत असते, मग त्याची तशी इच्छा असो वा नसो. ज्या शाळेत रसायनशास्त्राचे शिक्षक आहेत तेथे डब्यावरील नावे त्यांना वाचायला देणे हे काही अवघड नाही. खरवडलेला गाळही पावसाळी गटारात लोटू नये. द्रव्य सौम्य असले तरी त्यात विरघळलेला जुना लेप सौम्य नसतो.

आणि कायदा? १९९६ साली संसदेने इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात सुरक्षेची, आरोग्याची, कल्याण मंडळाची तरतूद होती. परंतु तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होता, आणि स्वतःच्या राहत्या घरासाठी दहा लाख रुपयांपर्यंतचे काम करून घेणारा त्यातून वगळलेला होता. २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेत दहा कामगारांची अट राहिली आणि राहत्या घराच्या कामाची मर्यादा पन्नास लाखांवर नेण्यात आली. चाळीतील खोलीची किंवा फ्लॅटच्या बाल्कनीची जमीन साफ करायला येतात दोन माणसे, फार तर तीन. त्यांच्यापर्यंत या तरतुदी पोचणे संभवत नाही. कारखान्यातील कामगाराला निरीक्षक आहे, संघटना आहे, सिलिकोसिससारखा रोग कळवण्याचे डॉक्टरवर बंधन आहे. या दोघांना नाक्यावरचा मुकादम आहे. त्यांच्यापैकी कोणी न्हाणीघरात घेरी येऊन पडला तर दाखला हृदयविकाराचा मिळतो, आणि शरीरात बनलेल्या वायूची तपासणी करावी असे सुचण्यासाठी डॉक्टरला आधी तो काय करीत होता ते विचारावे लागते.

सरकारने डायक्लोरोमिथेनयुक्त लेपनाशकांची किरकोळ विक्री बंद करावी, ही मागणी रास्त आहे आणि ती करण्यास ग्राहक संघटनांनी विलंब लावू नये. ती मान्य होईपर्यंतचा अधिकार मात्र काम देणाऱ्याच्या हाती आहे, आणि तो बहुधा मध्यमवर्गीय असतो: संस्थेचा चिटणीस, शाळेचा मुख्याध्यापक, निवृत्तीच्या पैशातून घर नीट करून घेणारा कारकून. असे काम काढताना तीन कंत्राटदारांची दरपत्रके मागवली जातात. त्यांत नव्या लेपाचे नाव, रंगछटा, किती हात आणि किती वर्षांची हमी याचा तपशील ओळीओळीने असतो. सभेत त्यावर तासभर चर्चाही होते. जुन्या लेपाविषयी एकच ओळ असते: ‘आधीचे सीलर काढणे, दर प्रति चौरस फूट.’ कशाने काढणार आणि किती दिवसांत, यासाठी त्या ओळीत जागा ठेवलेली नसते.